दादागिरी आली कुठून?

धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, परांडा तालुका आहे आणि त्या तालुक्यात सोनारी नावाचं गाव आहे. तिथे काळभैरवनाथाचं मोठं देवस्थान आहे. किती तरी घराण्यांचं ते कुलदैवत. चैत्रात यात्रा भरते, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. पण सोनारीची आणखी एक ओळख आहे, आणि मुलांना तीच जास्त आवडते. ती म्हणजे माकडं! देवळाच्या भिंतीवर माकडं, झाडांवर माकडं, घरांच्या छपरांवर माकडं. तुम्ही हातात नारळाची किंवा केळ्यांची पिशवी घेऊन निघालात, की त्यांच्या नजरा तुमच्यावर खिळल्याच म्हणून समजा.

अशा वेळी पेढे-नारळाच्या दुकानातून कुणी तरी तुम्हांला हमखास हाक मारणार,

"ओ दादा, नारळ पिशवीत घाला की! हितली माकडं लई दादागिरी करत्यात!"

आता या वाक्याकडे जरा नीट बघा बरं. त्यात 'दादा' दोनदा आलाय. पहिला दादा म्हणजे तुम्ही. ओळख ना पाळख, तरी प्रेमानं, मानानं हाक मारलेली. आणि दुसरा दादा? तो शेपटीवाला, तुमचा नारळ पळवणारा! एकाच वाक्यात, एकाच दमात, एकाच माणसाच्या तोंडून 'दादा' एकदा गोड झाला आणि एकदा कडू. असं कसं झालं? आणि त्या दादाच्या मागे ही 'गिरी' कुठून येऊन चिकटली?

आधी गिरीचा निकाल लावू, कारण ते काम सोपं आहे. (सोपं म्हटलं खरं, पण तिथेही एक गंमत आहे.)

रत्नागिरी, देवगिरी, निलगिरी या नावांतली गिरी संस्कृत. 'गिरि' म्हणजे डोंगर. दादागिरी नावाचा डोंगर काही सह्याद्रीत नाही, तेव्हा ही गिरी आपल्या कामाची नाही. आपली गिरी आली फारसी भाषेतून. तिथे एक शब्द आहे 'गर', म्हणजे करणारा. जादू करणारा तो जादूगर, सौदा करणारा तो सौदागर. आपला कारागीरसुद्धा मुळात याच कुळातला, 'कार' म्हणजे काम, ते करणारा. आणि कारागिराचं जे काम ती कारागिरी. या नमुन्यावर मग आपण मराठीत धडाधड शब्द पाडले. शिपायाचं काम शिपाईगिरी, मुत्सद्द्याचं काम मुत्सद्देगिरी, गुंडाचं काम गुंडगिरी. म्हणजे दादागिरी या शब्दाचा सरळ अर्थ 'दादाचं काम', 'दादाचा धंदा' एवढाच.

आता गंमत. फारसीत याच्यासारखाच ऐकू येणारा, पण अगदी वेगळा असा दुसरा शब्द आहे, 'गीर'. त्याचा अर्थ धरणारा, पकडणारा, ताब्यात घेणारा. 'जहान' म्हणजे जग, ते ताब्यात घेणारा तो जहांगीर. 'आलम' म्हणजेही जगच, म्हणून औरंगजेबाचा किताब आलमगीर. मराठे स्वारीवर निघत त्या मुलूखगिरीतली गिरी हीच, मुलूख काबीज करणं. पोलीस चोराला गिरफ्तार करतात, तो शब्दही याच घरातला.

मराठीच्या जिभेवर ही दोन्ही घराणी एक होऊन गेली. 'करणारा' आणि 'बळकावणारा', दोघांचीही 'गिरी'च झाली. व्याकरणाचे पंडित म्हणतील, की दादागिरीतली गिरी पहिल्या घरातली, करणाऱ्याची. त्यांचं म्हणणं खरं आहे. पण वर्गातला एखादा दादा तुमच्या डब्यातला लाडू उचलतो, तेव्हा ती दुसऱ्या घरातली वाटते की नाही?

तुम्ही विचाराल, धाराशिवकडच्या खेड्यात फारसी कशाला आली? अहो, ती तर तिथे शेकडो वर्षं ठाण मांडून होती! सोनारीचा तालुका परांडा. तिथला भुईकोट किल्ला अजून उभा आहे. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतलं, तेव्हा निजामशाहीचा कारभार काही काळ या परांड्याहून चालला. पुढे हा सगळा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे गेला आणि थेट १९४८ पर्यंत त्याच्याच ताब्यात राहिला. कचेरीत आधी फारसी, मग उर्दू. सारा भरायचा, दावा लावायचा, अर्ज करायचा तर याच भाषांतले शब्द कानावर पडणार. तिकडे शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला होता. पण लोकांच्या तोंडात बसलेले शब्द असे सहजासहजी कुठले निघायला! त्यातही धाक दाखवण्याचे शब्द तर भलतेच चिवट.

'जबरदस्ती' हाच शब्द घ्या. रोज वापरतो आपण. 'जबर' म्हणजे वर, आणि 'दस्त' म्हणजे हात. ज्याचा हात वर तो जबरदस्त! डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं की नाही? एक हात वर, एक हात खाली. हाच 'दस्त' तुम्हांला इतरही ठिकाणी भेटेल. दस्तखत म्हणजे हाताचं अक्षर, सही. मराठवाड्यात दस्तगीर हे नाव बऱ्याच घरांत असतं. त्यात मघाचा 'गीर'सुद्धा आला, बघा. दस्तगीर म्हणजे हात धरणारा, म्हणजेच पडणाऱ्याला हात देणारा, मदतीला धावणारा. हात तोच. जबरदस्ताचा हात दुसऱ्याच्या डोक्यावर दाबायला, आणि दस्तगीराचा हात दुसऱ्याला उचलायला.

आणि 'जबर'च्या उलट काय? 'जेर'. जेर म्हणजे खाली. शत्रूला जेर केलं, मला जेरीस आणलं, असं आपण म्हणतो त्यातला हा जेर. वर्तमानपत्रात दर आठ-पंधरा दिवसांनी बातमी असते, 'बिबट्या जेरबंद'. जेरबंद म्हणजे मुळात घोड्याच्या तोंडाखालून पोटाखालच्या पट्ट्याला बांधायचा चामड्याचा पट्टा. त्यानं घोड्याला मान वर झटकता येत नाही. बिचारा बिबट्या! त्याच्या गळ्यात आपण घोड्याचा पट्टा अडकवून मोकळे झालो.

घोड्यावरून आठवलं, 'मुजोर'चंही तसंच. हिंदीतला मुंहजोर, म्हणजे ज्याच्या तोंडात जोर आहे असा. लगाम खेचला तरी न जुमानणाऱ्या घोड्याला असं म्हणतात. आणि 'मगरूर' शब्दाची तर कमालच आहे. हा मूळ अरबी. त्याचा पहिला अर्थ गर्विष्ठ असा नाहीच, 'फसलेला' असा आहे! स्वतःबद्दल ज्याची फसगत झाली आहे, तो मगरूर. पुढच्या वेळी कुणी तुमच्यापुढे मग्रुरी दाखवली, तर हा अर्थ मनात आणून बघा. हसू आवरणार नाही. (मात्र हसणं मनातल्या मनातच ठेवा!)

असो. गिरी झाली, आता दादाकडे येऊ.

'दादा' हा बाळाच्या तोंडचा शब्द आहे. मामा, काका, बाबा, दादा, सगळे एकाच साच्यातले. दात यायच्या आधी बाळाला जे आवाज जमतात, ते दोनदा म्हटले की झाला शब्द. जगभरच्या भाषांत अगदी जवळच्या माणसांची नावं अशीच तयार झाली आहेत. मराठीत दादा म्हणजे मोठा भाऊ. हिंदीत आणि गुजरातीत दादा म्हणजे आजोबा. बंगालीत पुन्हा मोठा भाऊ. आपल्याकडे काही घरांत वडिलांनाही दादा म्हणतात, आणि आई तर पाळण्यातल्या लेकालासुद्धा 'माझा दादा तो' म्हणून जोजवते. एस.टी.त चढलेल्या आजीबाई कंडक्टरला विचारतात, 'दादा, परांड्याला गाडी किती वाजता पोचंल?' भारतीय चित्रपटाचा पाया घालणाऱ्या धुंडिराज गोविंद फाळके यांना सगळा देश दादासाहेब म्हणतो. म्हणजे शब्द असा लोण्यासारखा. मग त्याला आंबट वास कधी लागला?

त्यासाठी आपल्याला सोनारीहून मुंबईला जावं लागेल, आणि तेही जुन्या मुंबईला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे कापडाच्या गिरण्या भराभर उभ्या राहिल्या. लालबाग, परळ, वरळी हा सगळा भाग गिरण्यांच्या भोंग्यांवर उठायचा आणि झोपायचा. कोकणातून, घाटावरून हजारो तरुण पोटासाठी तिथे आले. बायकामुलं गावाकडे. चाळीतल्या एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण राहायचे, खाणावळीत जेवायचे. शहरात ना चुलता, ना थोरला भाऊ. नोकरी कोण लावून देणार? भांडण झालं तर कोण मिटवणार? पगाराआधी पैसे संपले तर कोण उसने देणार? पोलिसानं धरलं तर सोडवायला कोण जाणार?

ही सगळी कामं करणारा एक जण प्रत्येक वस्तीत असे. बहुधा तालमीतला, दंड कमावलेला, चार लोकांत ऊठबस असलेला. गणपतीचा मेळा त्याच्या पुढाकारानं निघे, मोहरमची टोळी असाच दुसरा कुणी काढी. गिरणीतल्या जॉबरशी, म्हणजे मुकादमाशी, त्याची ओळख असे. घरापासून शेकडो मैल दूर असलेली ती पोरं अशा माणसाला काय म्हणणार? अर्थातच 'दादा'! घरचा दादा जवळ नव्हता, तर वस्तीतल्या माणसाला त्याच्या जागी बसवलं.

राजनारायण चंदावरकर या इतिहासकारांनी मुंबईच्या गिरणगावाचा बारकाईनं अभ्यास केला होता. त्यांच्या लिखाणात हे वस्तीवस्तीतले दादा भेटतात. वाचताना एक गोष्ट लक्षात येते. दादा नुसता मारकुटा असून भागत नसे. त्याला लोकांची कामं करावी लागत, त्यांच्या अडीनडीला उभं राहावं लागे. नाही तर लोक दुसरा दादा बघत. पण ज्याच्या हातात मदत असते, त्याच्याच हातात ती अडवणंही असतं. आज उसने दिलेले पैसे उद्या तो दामदुपटीनं मागू शकतो. आज तुमच्या बाजूनं उगारलेली काठी उद्या मालकाकडून पैसे घेऊन तुमच्या संपावर उगारू शकतो. काही दादा संपाच्या बाजूनं उभे राहिले, काहींनी संप मोडायला हात दिला. वर्गणी कधी खंडणी झाली, हे देणाऱ्यालाही कळलं नाही. हाक मात्र तीच राहिली, 'दादा'. आधी प्रेमानं मारत होते, आता भीतीनं मारू लागले.

म्हणजे बघा, हा शब्द कुणी चोरून नेला नाही. लोकांनीच तो आपल्या हातानं दिला होता. पुढे मुंबईत 'भाई'चंही हेच झालं. भाई म्हणजेही भाऊच! आणि भाईच्या मागे गिरी लागायला मग कितीसा वेळ?

('ताईगिरी' असा शब्द मात्र मला कुठे दिसलेला नाही. ती घराघरांत नसतेच, असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. माझी थोरली बहीण हे साप्ताहिक वाचते.)

तुम्हांला वाटेल, हे आपल्याकडेच झालं. तर तसंही नाही. इंग्रजीत दादागिरी करणाऱ्या मुलाला 'बुली' म्हणतात, तुम्ही शाळेत शिकला असाल. हा शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता 'लाडका', 'जिवलग'! शेक्सपिअरच्या नाटकांतली माणसं मित्राला प्रेमानं बुली म्हणतात. मूळ शब्द बहुधा डच भाषेतला, आणि तिथे त्याचा अर्थ प्रिय माणूस किंवा भाऊ. भाऊ! हळूहळू तो 'बेधडक गडी' झाला, मग 'बढाईखोर', आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस दुबळ्यांना छळणारा. लंडन आणि लालबाग, दोघांनी एकमेकांना न विचारता एकाच वाटेनं भावाला गुंड करून टाकलं.

ही वाट मी स्वतः पाहिली आहे. मुंबईत नव्हे, एका खेड्यातल्या शाळेत, सहावीच्या वर्गात. आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव सांगत नाही, आता तो चांगला बापमाणूस झालाय. अंगापिंडानं दणकट. सुट्टीत आम्ही हापशावर पाणी प्यायला गेलो, की आठवीची पोरं आम्हांला ढकलून द्यायची. एक दिवस हा पुढे झाला आणि हापशाच्या दांड्यावर हात ठेवून म्हणाला, 'आमचा नंबर आधी आहे.' आठवीची पोरं चक्क मागे सरली! आम्ही त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. त्या दिवसापासून तो आमचा 'दादा'.

आधी आम्हीच त्याला चिंचा दिल्या, कौतुकानं. मग तो मागायला लागला. मग विचारेनासा झाला, नुसता हात पुढे करायचा. पेन्सिल, चिंचा, बोरं, शेवटी वहीसुद्धा. त्याचा गृहपाठ आम्ही पाळीपाळीनं लिहायचो. आणि एकदा मी त्याला चुकून नावानं हाक मारली, तर त्यानं माझा कान धरला. 'दादा म्हण!' कान लाल झाला, तो दुखणं थांबलं तासाभरात. पण त्यानंतर 'दादा' म्हणताना घशात जे अडकायचं, ते काही केल्या जाईना. घरी माझा सख्खा दादा होता. त्याला हाक मारतानाही ते अडकू लागलं, हे मला सगळ्यांत वाईट वाटलं.

पुढे काय झालं ते सांगतो. अर्ध्या वर्षात एक मुलगी वर्गात नवी आली. ती निघाली त्याची मामेबहीण! पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत तिनं सगळ्यांदेखत त्याला घरच्या नावानं हाक मारली, 'अरे ए बाळ्या, आत्यानं तुझा डबा माझ्याकडं दिलाय!' सगळा वर्ग आधी गप्प झाला आणि मग असा काही हसला, की शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले. बाळ्या पार कानापर्यंत लाल झाला. दुसऱ्या दिवसापासून त्याची दादागिरी संपली असं मी लिहिलं, तर ते खोटं ठरेल. चिंचा तो नंतरही घ्यायचा. पण 'दादा म्हण' हे थांबलं. आणि ते थांबल्यावर चिंचेला 'नाही' म्हणणंही एकेकाला जमायला लागलं.

या 'अरे'वरून 'अरेरावी' आठवते. त्या शब्दात तर 'अरे' डोळ्यांना दिसतोच. समोरच्याला अहो-जाहो न करता अरे-तुरे करायचं, आवाज चढवायचा, ती अरेरावी. पण पाहा, मित्राला 'अरे' म्हणतो त्यात किती जवळीक असते! आणि त्या मुलीचा 'अरे' तर आमच्या सुटकेचाच निघाला. म्हणजे मान देणारा 'दादा' भीतीचा होऊ शकतो आणि मान न देणारा 'अरे' मायेचा. शब्दाकडे बघून काही कळत नाही. तो कुणी, कुणाला, कुठल्या आवाजात म्हटला, ते ऐकावं लागतं.

आता परत सोनारीच्या मुलखात येऊ या. कारण तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात जोरजबरदस्तीसाठी आणखी दोन शब्द आहेत, आणि त्यांच्यामागे दादागिरीपेक्षा कितीतरी भयंकर आठवणी आहेत.

पहिला शब्द 'मोगलाई'. 'ही काय मोगलाई लागून गेली का?' असं तुमच्याही घरी कुणी म्हटलं असेल. हैदराबादच्या निजामाचं घराणं मूळचं मोगल बादशहाचे सुभेदार. म्हणून पश्चिम महाराष्ट्रातले लोक निजामाच्या मुलखाला सरसकट मोगलाई म्हणत. परांडा मोगलाईत आणि शेजारची बार्शी, करमाळा इंग्रजांच्या राज्यात. मध्ये फक्त एक हद्द. आधी हे नुसतं प्रदेशाचं नाव होतं. मग जिथे दाद ना फिर्याद अशा कारभाराला लोक तेच नाव देऊ लागले.

दुसरा शब्द 'रझाकार'. आणि इथे मी पुन्हा थबकलो. रझाकार म्हणजे आपल्या राजीखुशीनं काम करणारा, चक्क 'स्वयंसेवक'! आपली 'रजा', आपला 'राजी', आपला 'राजीनामा' हे सगळे या 'रझा'चे भाऊबंद. किती साधा, सज्जन शब्द. पण १९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि निजामानं भारतात सामील व्हायला नकार दिला, तेव्हा रझाकार नावाची खाजगी सशस्त्र फौज मोकाट सुटली. तिचा पुढारी कासीम रझवी हा लातूरला वकिली करणारा. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. गावं लुटली गेली, जाळली गेली, माणसं मारली गेली. मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं रातोरात हद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे गेली. हे सहन न होऊन हैदराबादचे एक तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी आपल्या 'इमरोज' या उर्दू दैनिकात रझाकारांविरुद्ध निर्भीडपणे लिहिलं. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. पुढच्याच महिन्यात, १३ सप्टेंबरला, भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. मराठवाड्यात १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, ते यासाठी. त्या पिढीची माणसं आता फार थोडी उरली आहेत. तुमच्या पणजी-पणजोबांपैकी कुणी असतील, तर त्यांना 'रझाकार' हा शब्द फक्त ऐकवा आणि त्यांचा चेहरा पाहा. कोशातला 'स्वयंसेवक' हा अर्थ त्यांना सांगायला जाऊ नका.

गिरीचं कुळ मात्र अजून वाढतंच आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपल्या पुस्तकाला नाव दिलं 'गुलामगिरी', आणि अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना ते अर्पण केलं. मला नेहमी वाटतं, दादागिरी आणि गुलामगिरी ही एकाच काठीची दोन टोकं. पण गुलामगिरीतला गुलाम ते काम हौसेनं करत नाही, हा फरक विसरू नये. २००६ साली 'लगे रहो मुन्नाभाई' हा चित्रपट आला आणि त्यातून 'गांधीगिरी' शब्द देशभर झाला. गंमत अशी, की त्यातला नायक आधीचा भाईगिरी करणाराच! आणि बंगालमध्ये सौरव गांगुली 'दादागिरी' नावाचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम दूरदर्शनच्या पडद्यावर घेऊन आला. त्याला सगळे प्रेमानं दादाच म्हणतात ना! तिथे हा शब्द ऐकून कुणी घाबरत नाही, मुलं टाळ्या वाजवतात. म्हणजे आंबलेला शब्द पुन्हा गोड होऊ शकतो, कधी कधी.

माकडांचं म्हणाल, तर त्यांच्यातही वरचढपणा असतोच. आपल्याकडच्या काळ्या तोंडाच्या वानरांच्या टोळीत एक दांडगा नर असतो. तो 'हूप' करतो म्हणून त्याला हुप्प्या म्हणतात. त्याच्यापुढे दुसऱ्या नराची टाप नसते, पण त्याचं राज्य काही फार वर्षं टिकत नाही, नवा हुप्प्या येऊन त्याला हुसकावतोच. तरीही माकडांना दादा ठरवण्यात आपण थोडा अन्याय करतो. नारळ-केळी आयती मिळतात, हे त्यांना शिकवलं कुणी? आपणच. आणि माकड नारळ नेतं, ते खातं आणि विसरून जातं. 'मला दादा म्हण' असं ते तुमचा कान धरून कधी सांगत नाही. तो हट्ट फक्त माणसाचा.

तुमच्या शाळेत, वस्तीत, शिकवणीत कुणी असा हट्ट धरत असेल, तर घरी किंवा बाईंना-सरांना सांगा. ते जमत नसेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे, त्यावर फोनचे पैसे पडत नाहीत. महाविद्यालयात जाणाऱ्या ताई-दादांसाठी तर महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरुद्ध कायदाच आहे. आणि आईबाबा हे वाचत असतील तर त्यांना एकच विनंती. मुलगा रोज पेन्सिल हरवून येतो म्हणून रागावण्याआधी, ती हरवते की कुणी नेतं, एवढं विचारा. आमच्या घरी कुणी विचारलं नव्हतं.

सोनारीला मात्र जरूर जा. भैरवनाथाचं दर्शन घ्या, परांड्याचा किल्ला पाहा. माकडांच्या डोळ्यांत रोखून बघू नका, त्यांना ती धमकी वाटते. दात दाखवून हसूही नका. आणि मागून कुणी 'ओ दादा' अशी हाक मारली, तर लगेच वळून बघा. बहुतेक तुमच्या पिशवीतून केळी डोकावत असतील.